दादाचे मुके पिस्तूल

आमच्या दादाने पिस्तूल घेतल्याची बातमी वहिनीने मला फोनवर सांगितली, ती अशा सुरात, की जणू दादाने संन्यासच घेतला आहे.

"अहो वन्सं, तुमच्या भावानं पिस्तूल घेतलंय! आणि वर त्याचा आवाज बंद करायचं नळकांडं. आता मला सांगा, आवाज बंद करून या माणसाला मारायचंय तरी कुणाला?"

प्रश्न बिनतोड होता. आमचे घराणे पुण्याच्या सदाशिव पेठेतले. शस्त्र म्हणून घरात विळी आणि आजोबांचा अडकित्ता. दादाने आयुष्यात चालवलेले एकमेव पिस्तूल म्हणजे दिवाळीतले टिकल्यांचे. तो इंजिनियर होऊन अमेरिकेस गेला, पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात घर करून राहिला, तिकडचा नागरिक झाला. आणि पन्नाशीला आल्यावर हे खूळ! सिनेमात अशी पिस्तुले पाहिली होती. खलनायक खिशातून लांब नळीचे पिस्तूल काढतो, 'फुस्' असा आवाज होतो, आणि शेजारच्या खोलीतल्या पार्टीला पत्ताही लागत नाही. आमचा दादा त्या पंक्तीत कसा बसायचा?

पुढे कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत मी त्याच्याकडे महिनाभर गेले. तेव्हा जे पाहिले आणि ऐकले, ते या दिवाळीत तुम्हांला सांगायचे आहे. 'ऐकले' या शब्दावर मी जाणूनबुजून भर देते आहे.

टिकलीचाच थोरला भाऊ

दादाचे पिस्तूल .२२ जातीचे. तिकडे आणि इकडेही त्याला 'पॉइंट टू टू' म्हणतात. गोळीची जाडी इंचाच्या शेकडा बावीस भागांएवढी, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. वजन अवघे अडीच ग्रॅम. या काडतुसाला 'रिमफायर' म्हणतात. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली बारीक कड असते. त्या कडेच्या आत, घडीत दडवावा तसा, ठिणगी देणारा मसाला भरलेला असतो. चाप ओढला की पिस्तुलातली ठोकणी त्या कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो आणि आतली दारू भडकते. आपण लहानपणी दगडाने टिकली फोडत होतो त्यातलाच हा प्रकार. फक्त पुढे गोळी बसवलेली!

आज जगभर चालणारे हे काडतूस अमेरिकेत १८८७ साली तयार झाले. स्वस्त, हलके, धक्का कमी. म्हणून नवशिक्यांचे आणि नेमबाजांचे ते लाडके. आपल्यालाही ते परके नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक आणले, ते याच .२२ च्या काडतुसांवर. मात्र स्पर्धेत पिस्तुलाच्या तोंडाला सायलेन्सर लावू देत नाहीत. तो निव्वळ हौशी मंडळींचा मामला.

दादाला या नादी लावणारे गृहस्थ शेजारीच राहतात. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर शाळेत मुलांना सुतारकाम शिकवलेले. दादा आणि मी आपसांत त्यांना 'मास्तर' म्हणू. पहिल्या दिवशी ते कुंपणापाशी भेटले, तेव्हा मी काहीतरी बोलले आणि त्यांनी चटकन मान वळवून उजवा कान पुढे केला. ती लकब पाहून मी चमकले. कारण त्यांचे उत्तर ऐकायला मीही तसाच उजवा कान पुढे केला होता.

मी काय ऐकले

एका शनिवारी सकाळी दादा, मास्तर आणि मी त्यांच्या क्लबाच्या मैदानावर गेलो. दोन टेकड्यांच्या बेचक्यात मातीचा उंच बांध, त्यापुढे कागदी आणि लोखंडी निशाणे, आणि अलीकडे सिमेंटच्या कट्ट्यावर पत्र्याची शेड. मी नेमबाजी केली नाही. पर्यटक म्हणून गेलेल्या परक्या माणसाने बंदूक हाती घेणे, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले, तर तिथल्या कायद्यात बसत नाही. मला त्याचे दुःख नव्हते.

मास्तरांनी आधी माझ्या कानांवर जाड गाद्यांचे इअर-मफ चढवले. ते नीट बसले की नाही हे दादाने स्वतः पाहिले, आणि डावीकडचा मफ दोनदा दाबून पाहिला.

पहिल्या पाच गोळ्या नळकांड्याविना. मफ असूनही प्रत्येक बाराला माझे खांदे उडत होते. एवढ्याशा काडतुसात एवढा राग कुठून येतो कोण जाणे! मग दादाने ते काळे, वीतभर लांबीचे नळकांडे पिस्तुलाच्या तोंडावर पिळून बसवले. शेडमध्ये आमच्याशिवाय कोणी नव्हते. मास्तरांनी मला खूण केली, "आता पाच गोळ्यांपुरते मफ काढून ऐका."

सिनेमातले 'फुस्' काही झाले नाही. पहिला आवाज झाला तो जाड पुस्तक टेबलावर आपटावे तसा. दुसरा त्याहून हलका. पण खरी गंमत त्या आवाजात नव्हती. तो लहान झाल्यावर जे बाकीचे आवाज उघडे पडले, त्यांत होती. पिस्तुलाचा वरचा भाग मागे जाऊन पुढे आला त्याची 'खटक्-खटक्' ऐकू आली. रिकामे पितळी टोपण सिमेंटवर पडून किणकिणले. समोर लोखंडी पाटीवर गोळी लागली त्याचा 'टिंग' आवाज वेगळा, आणि मागच्या झाडीत पाखरे बोलत होती ती बोलतच राहिली. एका बाराच्या पोटात एवढे आवाज असतात हे मला ठाऊक नव्हते. मोठा आवाज धाकट्यांना कधी बोलूच देत नाही. आमच्या स्टाफरूममध्येही हेच होते.

मास्तर शिक्षकच, त्यांना राहवेना. त्यांनी कट्ट्यावर खडूने आकृती काढून मला समजावले. बंदुकीच्या आवाजाचे तीन मालक. पहिला, नळीच्या तोंडातून गोळीपाठोपाठ उसळणारा तापलेला वायू. कुकरची शिटी एकदम काढली तर वाफ जशी फुत्कारेल, त्याच्या कैक पट. दुसरा, गोळी ध्वनीहून वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरांहून जलद गेली, तर हवेत उठणारा चाबकासारखा कडाका. तिसरा, पिस्तुलाच्या यंत्राची खटखट. नळकांड्याचा इलाज चालतो तो फक्त पहिल्यावर. त्याच्या आत पडदे घालून खोल्या केलेल्या असतात. वायू एकदम बाहेर न पडता या खोलीतून त्या खोलीत पसरतो, थंडावतो आणि दमून बाहेर येतो. मोटारीच्या सायलेन्सरचे तत्त्व हेच. दुसऱ्या आवाजावर उपाय म्हणजे ध्वनीहून हळू जाणारी काडतुसे वापरणे. तिसऱ्यावर उपाय नाही.

आकडे सांगायचे तर, .२२ च्या उघड्या पिस्तुलाचा आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे जातो. नळकांडे लावल्यावर तो साधारण ११५ ते १२० च्या घरात येतो. डेसिबलची मोजणी आपल्या साध्या पट्टीसारखी नसते. दर दहा डेसिबलला ध्वनीची ताकद दसपट होते. तेव्हा ही घट फार मोठी. पण ११५ डेसिबल म्हणजे शांतता नव्हे! अशा क्षणिक स्फोटांच्या बाबतीत १४० डेसिबल ही कानाच्या धोक्याची रेषा मानतात. नळकांडे आवाजाला त्या रेषेच्या खाली आणते, एवढेच त्याचे काम.

बाप आवाजाचा, लेक शांततेचा

या नळकांड्याची जन्मकथा एखाद्या कादंबरीत शोभेल अशी आहे. हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम या अमेरिकनाने लंडनमध्ये १८८४ साली मशीनगन तयार केली. साम्राज्यांनी तिच्या जोरावर मुलूख जिंकले आणि १९०१ मध्ये इंग्लंडने मॅक्सिमला 'सर' केले. पण आयुष्यभर आपल्याच तोफखान्याशेजारी उभे राहून या सरसाहेबांचे कान गेले. म्हातारपणी त्यांना धड ऐकू येत नव्हते.

त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. जन्म १८६९ चा, तोही यंत्रविद्येतलाच. त्याला ३० मार्च १९०९ रोजी बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळाले. न्हाणीच्या टबातले पाणी भोवरा करून निवांत खाली उतरते, तसाच वायूही फिरवत फिरवत बाहेर सोडला तर, असा विचार त्याला सुचला म्हणतात. बापाने जगाला सर्वांत कर्कश हत्यार दिले, मुलाने त्याच कुळाच्या हत्यारांच्या तोंडावर हात ठेवला! पुढचे वळण मला त्याहून गोड वाटते. याच मुलाने १९१४ मध्ये हौशी रेडिओवाल्यांचा अमेरिकेतला मोठा संघ उभारण्यात पुढाकार घेतला. दूरदेशीचे क्षीण संदेश कान देऊन टिपणे हा त्या मंडळींचा छंद. १९२६ मध्ये त्याने हौशी चित्रपटवाल्यांचीही संस्था काढली. त्या काळी चित्रपट मुके होते, हे सांगायला नकोच. १९३६ मध्ये तो वारला. त्याच वर्षी त्याने आपल्या विक्षिप्त, खोडकर बापाच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले.

मॅक्सिमचे सायलेन्सर तेव्हा थोडक्या डॉलरांत, टपालानेसुद्धा मिळत. घरामागे नेम धरताना शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये, हा साधा हेतू. पण गुन्हेगारांच्या टोळ्यांनी अमेरिका हैराण झाली, आणि १९३४ च्या कायद्याने मशीनगनबरोबर सायलेन्सरवरही प्रत्येकी २०० डॉलरांचा कर आणि सरकारदरबारी नोंदणी बसवली. त्या काळात २०० डॉलर म्हणजे वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट. हौशी लोकांच्या हातून ते नळकांडे गेले, आणि हेरांच्या हाती आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने .२२ चेच एक मुके पिस्तूल वापरले. त्या खात्याच्या प्रमुखाने अध्यक्ष रूझवेल्ट कामात असताना त्यांच्याच दालनात ते वाळूच्या पिशवीत झाडले आणि अध्यक्षांना कळलेही नाही, अशी हकीकत सांगितली जाते. दादाच्या पिस्तुलाची खटखट ऐकल्यापासून माझा तिच्यावर विश्वास थोडा डळमळला आहे. १ मे १९६० रोजी रशियावर पाडलेल्या यू-२ विमानाचा वैमानिक पॉवर्स याच्या सामानातही तसलेच पिस्तूल सापडले. सिनेमावाल्यांना एवढे पुरेसे होते. बहुतेक रिव्हॉल्व्हरांना नळकांडे लावून काही उपयोग नसतो, कारण वायू चक्राच्या फटीतूनही निसटतो. पण पडद्यावर तेही बिनदिक्कत 'फुस्' करतात.

हौसेला मोल

दादाने हे नळकांडे घेतले तेव्हा २०० डॉलरांचा कर चालू होता. अर्ज, फोटो, बोटांचे ठसे, आणि मग महिनोन्‌महिने वाट. गंमत अशी, की १ जानेवारी २०२६ पासून तो कर शून्यावर आला. नोंदणी मात्र राहिली. वहिनीच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. "काही महिने दम धरला असता, तर माझी एक पैठणी झाली असती!" हे वाक्य मी त्या महिन्यात चार वेळा ऐकले.

हे नळकांडे सर्व राज्यांत चालत नाही. ५० पैकी ४२ राज्ये त्याची मुभा देतात, आठ देत नाहीत. आणि आपल्याकडची मुलेबाळे जिथे मोठ्या संख्येने आहेत, ती न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया नेमकी त्या आठांत आहेत. म्हणजे डेलावेअर नदीच्या अलीकडे जो छंद, तोच पलीकडे गुन्हा. आपल्या देशात तर शस्त्रांच्या नियमांमुळे ही वस्तू सामान्य नागरिकाच्या वाट्याला येतच नाही.

एवढी यातायात करून मिळालेल्या वस्तूचे लाड तरी किती! .२२ ची दारू मळकट. काजळी, शिशाचा चुरा, गोळीवरचे मेण, सगळे नळकांड्यात साठते. नियमाने खोलून घासले नाही, तर आतले पडदे एकमेकांना असे चिकटतात, की उघडता उघडत नाहीत. दादा दर रविवारी वर्तमानपत्र पसरून साफसफाईस बसे. हातांत मोजे, कारण शिसे विषारी. वहिनीची सक्त ताकीद होती, की हा उद्योग गॅरेजमध्ये, आणि नंतर हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचे नाही. काडतुसांचेही नखरे. फार जलद असेल तर कडाका येतो, फार मंद असेल तर पिस्तुलाचा वरचा भाग पुरता मागे सरकत नाही आणि टोपण मध्येच अडकते. पुढे वजन वाढल्यामुळे हात लवकर भरून येतो. शिवाय पहिली गोळी नेहमी थोडी मोठ्याने बोलते, कारण नळकांड्यात आधीची ताजी हवा असते. दुसरीपासून ते शहाणे होते. मास्तर आणि दादा कोणत्या पेटीतल्या गोळ्या किती हळू बोलतात याची वही ठेवतात. आमच्याकडे गाण्याच्या बैठकीनंतर रसिक चर्चा करतात, तितक्याच गांभीर्याने हे दोघे 'टप्' आणि 'टुप्' यांतला फरक करीत बसतात.

वहिनीचा प्रश्न

पण वहिनीचा प्रश्न विनोदावारी नेण्यासारखा नाही. तिथे शाळेत, बाजारात गोळीबार होतात, ते आपण वाचतो. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच या शहरातल्या सरकारी इमारतीत एका माणसाने १२ जणांचे प्राण घेतले; त्याच्या एका पिस्तुलाला असेच नळकांडे होते. आवाज हीच आसपासच्या माणसांना मिळणारी सूचना. ती दाबणारी वस्तू लोकांच्या हाती का द्यावी, असे विरोधक विचारतात. मी हे मास्तरांना भीतभीत बोलून दाखवले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "विचारणाऱ्याचं चुकत नाही. नोंदणी राहावी असंच मलाही वाटतं." मग थोड्या वेळाने त्यांनी आपल्या डाव्या कानातले यंत्र काढून तळहातावर ठेवले.

लहानपणी त्यांच्याकडे कान झाकणे हा भित्रेपणा समजत. वडिलांबरोबर शिकार, पुढे रोज नेमबाजी. उजव्या हाताने रायफल धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला. म्हणून आधी डावा जातो. पस्तिशीत शाळेतल्या मुलींचे बारीक आवाज त्यांना ऐकू येईनासे झाले. मुली प्रश्न विचारीत आणि हे नुसते हसून मान हलवीत. "त्यांना वाटे, मास्तरांना आमचा प्रश्न आवडला," ते म्हणाले. आता त्यांची बारा वर्षांची नात त्यांच्याबरोबर मैदानावर येते. तिच्या हाती उघडे पिस्तूल त्यांनी एकदाही दिलेले नाही. नळकांडे, आणि वर मफसुद्धा.

मी गप्प झाले. माझ्या वर्गातही डावीकडच्या बाकांवरची मुले समजतात, की बाईंचे आमच्याकडे लक्ष नाही.

मी नऊ वर्षांची होते. नरकचतुर्दशीची पहाट, आमच्या वाड्याचा चौक. चौदा वर्षांच्या दादाने पत्र्याच्या डब्याखाली सुतळी बॉम्ब लावला होता. तो फुटेना. 'फुसका निघाला,' असे म्हणून मी वाकून पाहायला गेले, आणि तो फुटला. तीन दिवस कानात कुकर वाजत होता. आईने लसणीचे तेल कोमट करून घातले. फोड नाही, रक्त नाही. मोठी माणसे म्हणाली, जाईल हळूहळू. गेले नाही. कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या केसासारख्या बारीक पेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, हे मला फार उशिरा डॉक्टरांनी सांगितले. घरात त्या सकाळीविषयी कोणी कधी बोलले नाही. दादा तर नाहीच.

मैदानावरून परतताना मास्तर मागच्या सीटवर डुलकी घेत होते. दादा समोर पाहत गाडी चालवत होता. एकदम म्हणाला, "मास्तरांनी मला पहिल्या दिवशी मफ लावायला सांगितले ना, तेव्हा मी विचारलं, एवढ्याशा पिस्तुलाला कशाला? त्यांनी मग स्वतःचं सगळं सांगितलं. त्या रात्री मला झोप नाही लागली. आपला चौक दिसत होता."

मी त्याच्या डावीकडे बसले असते तर बरे झाले असते. पण अमेरिकन गाडी, मी त्याच्या उजवीकडे, माझा डावा कान त्याच्याकडे. म्हणून मला पुरती मान वळवून विचारावे लागले, "काय म्हणालास?"

त्याने गाडी हळू केली आणि सगळे पुन्हा एकदा सांगितले, मोठ्याने.

परत आल्यावर मी एक नियम शोधून वाचला. फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणारा फटाका करायला, विकायला आणि वाजवायला आपल्याकडे १९९९ पासून बंदी आहे. मोजण्याच्या रीती वेगळ्या असतील, पण आपला कायद्यात बसणारा फटाकासुद्धा दादाच्या मुक्या पिस्तुलाच्या पंक्तीला बसू शकतो! आणि चार मीटर म्हणजे किती? पोर जिथे वाकून पाहते, ती जागा नक्की नव्हे. आपल्याकडे तर मोटारसायकलींचे चांगले सायलेन्सर काढून कर्कश नळ्या बसवतात, आणि पोलिसांना त्या जप्त करून रोलरखाली चिरडाव्या लागतात. पिस्तूल कोणाच्या घरी नसावे, हे माझे मत आजही तेच आहे. पण आवाजाला भिणे हा भित्रेपणा नव्हे, हे मी त्या पेनसिल्व्हेनियातल्या मास्तरांकडून शिकले. यंदा आमच्या मुलीला टिकल्यांचे पिस्तूल आणले आहे. हात लांब धरून उडवायचे, कानाशी नाही, आणि मोठे फटाके कोणी लावीत असेल तर कानांत बोळे, एवढ्या अटीवर.

परवा वहिनीचा फोन आला होता. फराळाची तयारी चालली होती. मागे मिक्सर घरघरत होता, आणि मी काहीही विचारले तरी ती "आँ? आँ?" करीत होती. शेवटी मिक्सर थांबवून म्हणाली, "थांबा हं वन्सं, तुमच्या दादांचे ते मफ काढते कानांवरचे. बाकी त्या पिस्तुलाचं काही असो, ही एक वस्तू मात्र घरात कामाची आणली!"